नखाने खरवडलेले 83 हजार किलोमीटर

शनिवारी रात्री मी जुन्या गाड्यांच्या एका विक्रेत्याला फोनवर दोनदा बजावून सांगितले होते की त्याच्याकडची डिझेल गाडी पाहायला आम्ही वाईहून मुद्दाम येत आहोत, तेव्हा गाडी आमच्यासमोरच चालू करायची, त्याआधी तिला किल्ली लावायची नाही. "काही काळजी करू नका साहेब, तुम्ही येईपर्यंत हात लावत नाही," असे त्याने दोन्ही वेळा सांगितले. रविवारी सकाळी साडेनऊला आम्ही पुण्यात त्याच्या दुकानासमोर उतरलो तेव्हा गाडी रस्त्यावर काढून, धुऊन, पुसून उभी होती आणि तिचे इंजिन चालू होते. बरोबर आलेल्या फिटर काकांनी काही न बोलता बॉनेटवर तळहात ठेवला, लगेच उचलला आणि म्हणाले, "ही चांगली अर्धा-पाऊण तास चालू आहे."

मला तिथूनच परत फिरायला हवे होते. गरम डिझेल इंजिन म्हणजे विक्रेत्याचे सगळ्यात जुने पांघरूण आहे. थंड इंजिन सुरू व्हायला मदत करणारा ग्लो प्लग गेलेला असला, कॉम्प्रेशन म्हणजे सिलिंडरमधला दाब उतरलेला असला, व्हॉल्व्ह आणि पिस्टनचा मेळ राखणारी टायमिंग चेन सैल होऊन सकाळी पहिल्या स्टार्टला खडखडत असली, तरी इंजिन एकदा तापले की यातले बरेचसे झाकले जाते. ज्याच्या गाडीत लपवण्यासारखे काही नाही, तो रविवारी सकाळी पाऊण तास डिझेल जाळत बसणार नाही. परंतु नव्वद किलोमीटर येऊन पाच मिनिटांत परत जाणे मनाला पटेना आणि मी थांबलो.

गाडी 2014 ची, पहिला मालक, मीटरवर 58,214 किलोमीटर. "डॉक्टरांची गाडी आहे, फक्त दवाखान्यात जायला वापरली." गेल्या चार महिन्यांत मी नऊ गाड्या पाहिल्या आणि त्यांतल्या सहा डॉक्टरांच्या होत्या. आत बसलो तर डॅशबोर्ड पॉलिशने चकचकत होता आणि सुगंधी बाटलीच्या वासाने डोके धरत होते. या वासाचा मला मनापासून संताप आहे, कारण ओलीचा, जळक्या क्लचचा आणि गळणाऱ्या डिझेलचा वास दडपण्यासाठीच तो असतो. स्टीअरिंगवर नवे कव्हर होते. पेडलचे तिन्ही रबर नवेकोरे होते. 58 हजार किलोमीटर चाललेल्या गाडीचे पेडल रबर का बदलावे लागते, असे मी विचारले, तर "आम्ही कस्टमरला सगळं नवीन करून देतो," असे उत्तर मिळाले.

काका तोवर चालकाच्या बाजूचा दरवाजा उघडून खाली वाकून पाहत होते. दरवाजा बंद झाला की जो खांब झाकला जातो, त्याच्या खालच्या भागात सर्व्हिसचे एक छोटे स्टिकर होते. अर्धे सोललेले, कडा काळवंडलेल्या, पण बॉलपेनने लिहिलेले आकडे स्पष्ट दिसत होते: मार्च 2021, आजचे किलोमीटर 1,41,300, पुढील सर्व्हिस 1,51,300. काकांनी मोबाइल काढून शांतपणे फोटो घेतला आणि मला हाक मारली. मी पाहिले, विक्रेत्यानेही पाहिले. मी त्याला म्हणालो, "हे काय आहे?" तो पुढे आला, खाली वाकला, अंगठ्याच्या नखाने ते स्टिकर आमच्या डोळ्यांदेखत खरवडायला लागला, आणि खरवडता खरवडता बोलत राहिला की साहेब, हे दुसऱ्या गाडीचे चुकून लागले असेल, मुलं चिकटवतात कुठेही. कागद निघाला, गोंद राहिला, तो त्याने ओल्या फडक्याने पुसला आणि सरळ उभा राहून म्हणाला, "आता कुठंय? साहेब, मीटर कोण बघतं, गाडी बघा."

मी चाळिशी ओलांडलेला माणूस आहे. कारखान्यात माझ्या हाताखाली पंधरा जण काम करतात. माझ्या तोंडावर कोणीतरी पुरावा पुसतो आणि मी तो पाहिलाच नाही असे धरून पुढे भाव सांगतो, हा अपमान मला दोन दिवस झाले तरी गिळता आलेला नाही. खोटे बोलणारे विक्रेते मी पाहिले आहेत, पण खोटे पकडल्यानंतरही ज्याच्या चेहऱ्यावरची रेषा हलत नाही असा माणूस पहिल्यांदा पाहिला. पकडले गेल्याने आपले काही बिघडत नाही, याची त्याला खात्री होती.

मीटर कोण बघतं? मी बघतो. रोज वाई ते शिरवळ जाऊन-येऊन 80 किलोमीटर, महिन्याला 2,000, वाटेत खंबाटकीचा घाट आणि गाडीत आम्ही चौघे. एवढ्या धावेला लिटरला 20 देणारी डिझेल आणि 15 देणारी पेट्रोल यांत महिन्याला साडेचार हजारांचा फरक पडतो, आणि भरल्या गाडीने चढ चढताना डिझेलचा जोर काय असतो हे त्या रस्त्यावर रोज जाणाऱ्याला सांगावे लागत नाही. म्हणून मी डिझेल शोधतो आहे, हौस म्हणून नव्हे. आणि डिझेल गाडीचे सगळे आयुष्य किलोमीटरच्या हिशेबावर चालते. इंजेक्टर, टर्बो, क्लच, काही गाड्यांतले महागडे डबल फ्लायव्हील, या सगळ्यांची पाळी कधी येणार ते तो आकडाच सांगतो. ज्या इंजिनांत चेनऐवजी टायमिंग बेल्ट असतो, तिथे तर बेल्ट वेळेत बदलला नाही आणि चालत्या गाडीत तुटला की पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात आणि इंजिन उघडण्यावाचून गत्यंतर उरत नाही. मीटर निदान 83 हजारांनी मागे घेतला म्हणजे नव्या मालकाला बेल्ट, तेल, सगळ्याचा हिशेब चुकीचा शिकवला. हा माणूस भावात फसवत नाही, घाटातून जाणाऱ्या आम्हा चौघांच्या जिवाशी खेळतो.

बरे, नवी डिझेल घ्या म्हणावे तर कोणती? 2012 च्या सुमारास पेट्रोल आणि डिझेलच्या भावात लिटरमागे पंचवीस-तीस रुपयांचे अंतर होते, तेव्हा सगळ्यांनी डिझेल घेतल्या. ऑक्टोबर 2014 मध्ये डिझेलचे दर सरकारी नियंत्रणातून मुक्त झाले आणि ओढ ओसरली. एप्रिल 2020 मध्ये बीएस-6 हे प्रदूषणाचे कडक निकष आले तेव्हा मारुतीने डिझेल गाड्या बनवणेच थांबवले. स्विफ्ट, डिझायर, रिट्झ, टाटाची व्हिस्टा, फियाटची पुंटो, या सगळ्यांत बसलेले ते 1,248 सीसीचे मूळ फियाटचे इंजिन, ज्याचे काम वाईतला कोणताही फिटर डोळे मिटून करतो, ते आता फक्त जुन्या बाजारात उरले आहे. त्यानंतरच्या मोठ्या डिझेल गाड्या माझ्या तीन लाखांत येत नाहीत. म्हणजे मला या लोकांच्या दारात जाण्याशिवाय पर्याय नाही, आणि हे त्यांना माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे.

त्यांचा दुसरा एक धंदा मला त्या स्टिकरइतकाच संतापजनक वाटतो. माझ्या मावसभावाने गेल्या वर्षी आपली डिझेल गाडी विकायला काढली, तेव्हा येणारा प्रत्येक व्यापारी त्याला सांगे की डिझेलवर दहा वर्षांची बंदी आहे, गाडी भंगारात जाणार, मिळेल ते घ्या. ती दहा वर्षांची मर्यादा दिल्ली आणि राजधानी परिसरापुरती घातली गेली होती. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये तिच्यावर शिक्कामोर्तब केले ते त्याच भागापुरते. महाराष्ट्रात पंधरा वर्षांनी गाडीची तपासणी करून, पर्यावरण कर आणि नूतनीकरणाचे शुल्क भरून नोंदणी पाच वर्षांनी पुढे नेता येते. भावाने घाबरून एक लाख दहा हजारांत गाडी दिली. पंधरा दिवसांनी तीच गाडी त्याने दोन लाख तीस हजारांच्या जाहिरातीत पाहिली. फोन केला, तर तोच व्यापारी त्याला न ओळखता म्हणाला, "दिल्लीची बंदी हो ती, आपल्याकडे काही प्रॉब्लेम नाही." घेताना बंदी दाखवायची आणि देताना ती दिल्लीला पाठवायची.

कागदपत्रांचे तर बोलूच नये. मूळ मालकाकडून गाडी दुसऱ्याच्या नावावर करण्याच्या कोऱ्या 29 आणि 30 नंबरच्या फॉर्मवर सह्या घेऊन ठेवायच्या, गाडी आपल्या नावावर कधी करायचीच नाही आणि गिऱ्हाईक मिळेल तेव्हा त्याचे नाव भरायचे. मधल्या सहा महिन्यांत त्या गाडीने कोणाला उडवले तर? 2018 मध्येच सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे की आरटीओच्या नोंदीत ज्याचे नाव, तोच कायद्याने मालक आणि भरपाईची जबाबदारी त्याचीच. मी 2016 मध्ये विकलेल्या गाडीचे दंडाचे संदेश दोन वर्षे माझ्या मोबाइलवर येत होते. गाडी घेतलेला व्यापारी फोन उचलत नव्हता, एजंट म्हणायचा फाइल टेबलावर आहे. त्या दोन वर्षांत रात्री अनोळखी नंबरवरून फोन आला की माझ्या पोटात गोळा यायचा.

यावर नियम नाहीत असे मुळीच नाही. डिसेंबर 2022 मध्ये केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत बदल केले आणि ते 1 एप्रिल 2023 पासून लागू झाले. जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याने आरटीओकडून अधिकारपत्र घ्यायचे, गाडी ताब्यात घेतल्याची माहिती पोर्टलवर द्यायची, तेव्हापासून तो तिचा मानीव मालक, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने मालक ठरतो, आणि त्याच्याकडे असताना गाडी कुठे, कशासाठी आणि किती किलोमीटर फिरली याची नोंदवही ठेवायची. मी रविवारी ते अधिकारपत्र मागितले. त्याने भिंतीवर फ्रेम करून लावलेला शॉप अ‍ॅक्टचा कागद दाखवला. मी म्हणालो, हे नव्हे. तर तो दुकानातल्या पोऱ्याला म्हणाला, "साहेबांना गाडी घ्यायची नाही, कागद बघायचेत. यांना चहा पाज आणि सोड." ज्याच्या खिशात तीन लाख आहेत आणि जो कागद मागतो, त्याला हाकलायचे, कारण पाठोपाठ कागद न मागणारा येणार आहे. मागे वळून पाहिले तर तो आलाही होता. विशीतला मुलगा, सोबत त्याचे वडील, पायात वहाणा, बहुधा गावाकडून आलेले. मुलगा स्टीअरिंगवरून हात फिरवत होता आणि वडील त्या चकचकीत डॅशबोर्डकडे कौतुकाने पाहत होते. काका त्यांच्याजवळ गेले आणि मोबाइलमधला फोटो त्यांना दाखवला. वडिलांनी तो डोळ्यांजवळ धरून दोनदा वाचला, विक्रेत्याकडे पाहिले आणि मुलाला म्हणाले, "उतर खाली." विक्रेत्याने आम्हाला ज्या शिव्या दिल्या त्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत.

काल संध्याकाळी त्या गाडीची जाहिरात पुन्हा लागली आहे. नवे फोटो आहेत, किंमत पंधरा हजारांनी उतरवली आहे, किलोमीटर तेच 58 हजार, आणि एका फोटोत चालकाचा दरवाजा मुद्दाम सताड उघडा ठेवून तो खांब स्वच्छ दाखवला आहे. जाहिरातीचे चित्र, काकांनी काढलेला फोटो आणि गाडीचा नंबर जोडून मी परिवहन कार्यालयाला द्यायचा अर्ज आज रात्री लिहून काढला आहे. उद्या अर्धी रजा टाकून तो स्वतः नेऊन देणार आहे, आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घेतल्याशिवाय तिथून हलणार नाही.