हळदीचा डाग साबणाने लाल होतो, पक्का होत नाही

‘हळदीच्या डागाला साबण लावू नका, लाल होऊन कायमचा बसतो,’ असा मेसेज फिरतोय. हे खरं नाही. हळदीतलं कर्क्युमिन, म्हणजे तिचं पिवळं रंगद्रव्य, साबणातल्या अल्कलीमुळे (आम्लाच्या उलट गुणाच्या पदार्थामुळे) लालसर होतं, एवढंच. हळदीत चुना घालून कुंकू करतात, तोच हा रंग. त्या लाल डागावर लिंबू पिळा, डोळ्यांदेखत पुन्हा पिवळा होईल. वरण-आमटीच्या डागाला तर साबण हवाच, फोडणीचं तेल त्यानेच सुटतं. मग पांढरा कपडा ओलाच कडक उन्हात टाका. कर्क्युमिन उन्हाने विटतं. रंगीत असेल तर जपून, त्याचाही रंग उडेल. आणि कळकळीने सांगते, लिंबू लावलेल्या कपड्यावर ब्लीच ओतू नका. त्यातून विषारी क्लोरीन वायू सुटतो.