सीटबेल्ट आत जात नाही? उत्तम! आता असं करा

गाडी थांबली, बकल काढलं, पट्टा सोडला, आणि तो दोन दारांमधल्या खांबाकडे जायचं सोडून मांडीवरच लोळत पडला? अभिनंदन! उपचारांची घाई मात्र करू नका. परवाच एका वॉशिंग सेंटरवरून गाडी परत आली ती पुढचे दोन्ही पट्टे तेलाने चकचकीत होऊन. "ऑइलिंग करून दिलंय साहेब, त्याचे पैसे नाही लावले." एवढं औदार्य पाहिल्यावर या विषयातले लोकप्रिय उपाय एकदा नीट मांडून ठेवणं भाग आहे.

पहिला नियम असा की बिघाड कुठे आहे ते शोधायचं नाही. शोधायला अर्धं मिनिट लागतं आणि मग सगळी मजाच जाते. दोन दारांमधल्या खांबावर, खांद्याच्या उंचीला पट्टा ज्या कडीतून वळतो तिला मेकॅनिक डी-रिंग म्हणतात. त्या कडीच्या खालचा, खांबाच्या फटीत शिरणारा पट्टा धरून वीतभर बाहेर ओढायचा आणि सोडायचा. सटकन आत गेला तर पट्टा गुंडाळून घेणारं आतलं रीळ ठणठणीत आहे, अडतंय ते वरच्या कडीत. तिथेही रेंगाळला तर पट्टा आत पिळलाय, खांबाच्या प्लास्टिकला घासतोय किंवा स्प्रिंग थकलीय. बघा, एवढं कळलं की "पूर्ण असेंब्ली बदलावी लागेल" या वाक्यावर मान डोलवता येत नाही. म्हणून नकोच.

कडीच्या आत बोट तर मुळीच घालू नका. तिथे खोबरेल तेल, मानेचा घाम, सनस्क्रीन आणि रस्त्यावरची धूळ यांचं काळपट तपकिरी पुट जमलेलं असतं, नखाने खरवडलं तर मेणासारखं निघतं. रिळातली स्प्रिंग म्हणजे गुंडाळलेली पातळ पोलादी पट्टी. ती मुद्दामच कमी जोराची ठेवलेली असते, नाहीतर दिवसभर छाती आवळत राहील. त्या बिचारीला हे चिकट पुट ओलांडून पट्टा खेचवत नाही. बहुतेक गाड्यांचं दुखणं एवढंच असतं, पण हे गुपित फुटलं तर लोक घरी साबण वापरू लागतील.

त्यापेक्षा तेल मारा! गंज काढायचा स्प्रे, शिलाई मशीनचं तेल, डॅशबोर्डचं पॉलिश, हाताला लागेल ते. पहिले दोन दिवस पट्टा असा पळतो की शेजाऱ्यांना बोलावून दाखवावा. मग त्याच तेलावर धूळ बसायला लागते आणि पुट दुप्पट जाड होतं. पांढऱ्या शर्टावर उजव्या खांद्यापासून डाव्या कमरेपर्यंत तिरका पट्टा उमटतो, तो धुऊन जात नाही. उरलेलं तेल ओघळत रिळात उतरतं. गाडी जोरात थांबली की पट्टा जागच्या जागी अडकवणारी यंत्रणा तिथेच असते. एक छोटी गोळी किंवा लंबक कलतो, खटका दातेरी चाकात जाऊन बसतो, संपलं. सगळं नाजूक, सगळं कोरडं राहावं म्हणून केलेलं. त्यात तुम्ही तेल आणि धुळीचा चिखल ओतताय! कंपनीच्या पुस्तिकेत स्वच्छ लिहिलेलं असतं की पट्टा फक्त सौम्य साबण आणि पाण्याने पुसा, ब्लीच, रंग, सॉल्व्हंट लावू नका, धागा कमजोर होतो. पण ती पुस्तिका डॅशबोर्डच्या कप्प्यात प्लास्टिकच्या पिशवीतच शोभते. वर विचारायला जावं तर उत्तर काय? "सगळेच मारतात." सगळेच मारतात म्हणूनच सगळ्यांचे पट्टे लोंबतात, एवढं तरी कळतं का?

असो. शांतपणे पुढचे उपाय.

पट्ट्यावर मऊ मखमली शोल्डर पॅड चढवा. तो कडीतून जात नाही, त्यामुळे पट्टा आत जायचा प्रश्नच मिटतो.

लोंबणारा पट्टा दारात घालून दार आपटत जा. बकलमध्ये खोचायची धातूची जीभ उंबऱ्याचा रंग उडवेल आणि पट्ट्याच्या कडेचे धागे सुटतील. कड उसवलेला पट्टा धुऊन सुधारत नाही, बदलावाच लागतो.

रीळ उघडून स्प्रिंग "थोडी आवळून" बघा. बाजूचं प्लास्टिकचं झाकण निघालं की ती पट्टी उसळून हात कापते, आणि परत बसवून दाखवणारा कुणी सापडला तर त्याचा सत्कार करा. नव्या गाड्यांत पुढच्या पट्ट्यांना धडकेच्या क्षणी पट्टा आवळणारा प्रीटेन्शनर असतो, म्हणजे आत चक्क स्फोटकाची कुपी असते. पिवळा कनेक्टर दिसला की बॅटरी जोडलेली असतानाच ओढा, नाही का? आणि रीळ काढून परत लावताना वाकडं लावा. ते ठरलेल्या कोनात बसलं नाही तर लंबकाला गाडी कायम उतारावर उभी असल्यासारखं वाटतं आणि पट्टा बाहेरच येत नाही. मग कुर्ल्याच्या भंगारातून दुसरा आणा. तो कुठल्या अपघातातून आलाय ते विचारणं असभ्य.

आता काही गोष्टी सांगतो, त्या चुकूनही करायच्या नाहीत. गाडी सपाट जागी लावायची नाही. पट्टा हळूहळू शेवटपर्यंत ओढायचा नाही. (काही गाड्यांत तो मग कट्‌कट् करत फक्त आतच जातो. ती मुलांच्या खुर्चीसाठीची सोय आहे, पूर्ण आत गेला की आपोआप सुटतो.) खांबाच्या फटीपाशी जाड कापड ठेवून घट्ट क्लॅम्प लावायचा नाही, म्हणजे पट्टा निसटेल आणि पाणी रिळात जाईल. मगभर कोमट पाण्यात चमचाभर सौम्य लिक्विड साबण घालून मऊ ब्रशने पट्ट्याच्या लांबीच्या दिशेने दोन्ही बाजू घासायच्या नाहीत. ओल्या फडक्याने फेस पुन्हा पुन्हा पुसून काढायचा नाही. साबण राहिला की चिकटपणा पुन्हा आलाच. कडीच्या फटीत आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेली कापडाची चिंधी ओवून ती दोन्ही टोकांनी पुढेमागे ओढायची नाही, आणि चिंधी पांढरी निघेपर्यंत तर नाहीच नाही. कोपऱ्यात कान कोरायची कापूसकाडी घालायची नाही. पट्टा कडीत उलटा झाला असेल तर तिरकी घडी घालून सरळ करायचा नाही. आणि काच उघडी ठेवून सावलीत रात्रभर वाळू द्यायचा नाही. पावसाळ्यात तर ओलाच आत सोडा, बुरशीचा वास महिनाभर पुरतो.

यातलं काहीच जमत नसेल तर सर्वांत सोपा उपाय आहेच. ढिला पट्टा तसाच ढिला वापरा. "उलट बरं आहे, दाबत नाही." नाहीतर पट्ट्याला क्लिप लावून छातीपाशी चार बोटं जागा करून घ्या. किंवा बकलमध्ये नुसतीच खोटी जीभ खोचा, म्हणजे गाडी टुंग टुंग करत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2023 मध्ये या जिभा ऑनलाइन विकण्यावर बडगा उगारला. म्हणजे दुकानांतून त्या ढिगाने खपत होत्या, नाही का? आपण होतो ना घ्यायला!

आता उपरोध पुरे. ढिला पट्टा म्हणजे पट्टा नव्हे. प्रीटेन्शनर काही सेंटिमीटर पट्टा मागे खेचतो. तुमची ढील खेचण्यातच त्याचा जोर संपतो, तोवर छाती पुढे गेलेली असते आणि समोरून एअरबॅग फुगत येते. ती पट्टा लावून बसलेल्या माणसासाठी असते, अंगावर उडालेल्यासाठी नाही. आणि मागच्या सीटवर? तिथले पट्टे तर सीटकव्हरखाली गाडलेत. 4 सप्टेंबर 2022 ला पालघर जिल्ह्यात चारोटीजवळच्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री गेले. मागे बसलेल्या दोघांनी पट्टा लावला नव्हता, असं पोलिसांनी सांगितलं. मुंबई पोलिसांनी 1 नोव्हेंबरपासून सगळ्या प्रवाशांना पट्टा सक्तीचा केला, आणि चार दिवस सगळे कव्हरखाली हात घालून बकल शोधत होते. पुढे? पुन्हा कव्हर. मोटार वाहन कायद्याच्या कलम 194 बी खाली दंड हजार रुपये आहे. त्या हजारासाठी पट्टा खांद्यावर टाकून हाताने धरून बसणारे तुम्ही, पोलीस मागे पडला की सोडून देणारेही तुम्हीच!

लाज वाटू द्या जरा. सात-आठ लाखांची गाडी घेता, पाच हजारांचं कव्हर चढवता, आणि चमचाभर साबण वाचवता. उद्या सकाळी तो शोल्डर पॅड काढा. मागची सीटकव्हरं फाडावी लागली तरी फाडा, पण पट्टे वर काढा. पाचही पट्टे एकेक करून ओढून सोडा. जीभ स्वतःहून खांबापर्यंत पोचली नाही तर हाताने ढकलू नका, साबणाचं पाणी घ्या. एअरबॅगचा दिवा पेटलेला असेल तर आधी तपासून घ्या. धुऊन, वाळवूनही रेंगाळत असेल किंवा कड उसवली असेल, तर तिथे पैसे खर्च करा आणि नवीन असेंब्ली टाका. त्या वेळी घासाघीस करू नका.