ओव्हन लावला की एमसीबी पडतो? मोठा एमसीबी हा उपाय नाही

दिवाळीच्या तोंडावर व्हॉट्सअ‍ॅपवर एक सल्ला पुन्हा फिरतो आहे: "ओव्हन लावल्यावर एमसीबी पडत असेल तर १६ अँपिअरचा काढून ३२ चा बसवा, कटकट मिटेल." एमसीबी म्हणजे जास्त करंट वाहिला की वीज आपोआप तोडणारा स्विच. तो मोठा बसवला की कटकट मिटते खरी, पण वायर जळण्याची सोय होते.

एमसीबी ओव्हनसाठी नसतो, भिंतीतल्या वायरसाठी असतो. स्वयंपाकघरातल्या साध्या पॉइंटला बहुधा दीड एमएमची (चौरस मिलिमीटर, म्हणजे वायरची जाडी) वायर असते. तिच्यावर ३२ अँपिअरचा एमसीबी बसवला, तर २५ अँपिअर वाहत असतानाही तो पडणार नाही. वायर मात्र तापत राहील, आवरण वितळेल, आणि हे सगळं प्लास्टरच्या आत, कुणाला न दिसता.

हिशोब सोपा आहे. २००० वॅटचा ओव्हन २३० व्होल्टवर सुमारे ८.७ अँपिअर घेतो. म्हणजे ६ अँपिअरचं सॉकेट बादच. मोठी पिन छोट्या सॉकेटात बसवणारी कन्व्हर्टर पिन लावून तिथे घुसवणं तर त्याहून वाईट. त्याच लाइनवर गीझर किंवा इंडक्शन असेल, तर एमसीबी पडतो तो बरोबरच पडतो!

ओव्हनला थेट डीबीपासून (घरातले एमसीबी असतात तो बोर्ड) स्वतंत्र लाइन ओढा: तांब्याची किमान अडीच एमएमची वायर, १६ अँपिअरचं सॉकेट, १६ चाच एमसीबी. भिंतीत बसवायचा मोठा ओव्हन असेल तर चार एमएमची वायर घ्या. अर्थिंग तपासून घ्या आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंटची गळती झाली की वीज तोडणारा स्विच) हवाच. एमसीबी शॉकपासून वाचवत नाही. काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या.