सुक्यामेव्याच्या मोदकांना एक तारा देणाऱ्या ताईंना

नमस्कार ताई,
तुम्ही लिहिलंय की गणपतीसाठी आमच्याकडून ‘शुगर फ्री’ म्हणून २१ मोदक नेले, मधुमेह असलेल्या सासूबाईंनी दुपारी त्यातले चार खाल्ले आणि संध्याकाळी शुगर २४० निघाली. शिवाय मोदकांवर बुरशी होती आणि ६३० रुपये ही लूट आहे. आधी सासूबाईंची तब्येत आता ठीक असेल अशी आशा करते.

डबा घरात असेल तर झाकण बघा. त्यावर ‘साखर, गूळ घातलेला नाही’ असं छापलंय. ‘शुगर फ्री’ आम्ही कुठेच लिहीत नाही, लिहूही शकत नाही. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या नियमांनुसार त्यासाठी १०० ग्रॅममध्ये साखर अर्ध्या ग्रॅमहून जास्त असून चालत नाही. खजूर घातलेला कुठलाच मोदक त्यात बसणार नाही, कारण खजुराच्या वजनात निम्म्याहून जास्त साखरच असते. आमचा मोदक २० ग्रॅमचा, त्यात निम्मा खजूर. म्हणजे एका मोदकात साधारण सहा ग्रॅम, चहाचा दीड चमचा साखर. अंजीर असतं, त्याची साखर वेगळी. चार मोदकांचा हिशेब तुम्हीच करा. खजुरात तंतू आहेत, पोटॅशियम आहे, सगळं खरं; पण म्हणून मधुमेहाच्या माणसाने मनसोक्त खावं असं होत नाही. ‘हेल्दी’ म्हटलं की लोक चारावर जातात, साध्या पेढ्याला मात्र एकावर हात आवरतात. हे दर गणपतीत बघते.

आता ‘बुरशी’. तुम्ही टाकलेल्या फोटोत खजुराच्या भागावर पांढरट ठिपके दिसतायत, ते साखरेचे कण आहेत. मऊ खजूर फ्रीजमध्ये राहिला की त्याची स्वतःचीच साखर अशी वर येते. बोटाने चोळलंत तर खरखरीत लागेल, जरा ऊब लागली की विरघळेल. बुरशी लवदार असते आणि कुबट वास मारते. तसं काही असेल तर मात्र खाऊ नका, डबा तसाच घेऊन या.

बदामाचे तुकडे दाताखाली येतात, कच्चे वाटतात, असंही तुम्ही म्हटलंय. कच्चे नाहीत, मंद आचेवर भाजून, पूर्ण गार करून सुरीने जाडसर कापतो. मिक्सरला जास्त फिरवले की तेल सुटतं आणि साच्यातून मोदक काढताना कळ्या मोडतात. खजूर चमचाभर तुपात, गोळा कढईची कड सोडेपर्यंत परततो, मग सुकामेवा. चव आवडली नसेल तर त्यावर वाद नाही.

किमतीचं म्हणाल तर ४२० ग्रॅम माल आहे, त्यात बदाम, पिस्ता, अक्रोड, अंजीर. शेंगदाणे घालून वजन वाढवत नाही. त्या दरात परवडत नसेल तर ११ चा डबाही मिळतो.

सासूबाईंना प्रसादाचा मान हवाच, तर एकच द्या, तोही जेवणातली पोळी किंवा भात कमी करून, आणि एकदा त्यांच्या डॉक्टरांना विचारून. पंचखाद्याची खिरापत त्याऐवजी देऊ नका. त्यातली खारीक म्हणजे वाळलेला खजूरच, वर खडीसाखर. उरलेले मोदक घट्ट झाकणाच्या डब्यात फ्रीजमध्ये आठवडाभर टिकतील. अक्रोड आहे, त्यामुळे बाहेर ठेवू नका, खवट होईल.