'एक स्टार' रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार ताई,

वीज गेली असताना डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) असलेले तुमचे वडील दार उघडून बाहेर पडले, आम्ही दाराला बसवलेल्या सेन्सरचा मेसेज तुमच्या फोनवर आलाच नाही, शेवटी शेजाऱ्यांनी त्यांना परत आणलं. त्याआधी एका रात्री दाराचा भोंगा वाजला आणि ते इतके घाबरले की पहाटेपर्यंत घरात कुणालाच झोप नाही. तुम्ही लिहिलेलं खरं आहे आणि दोन्ही वेळा चूक आमची आहे.

दाराचा सेन्सर सेलवर चालतो, तो बंद पडला नव्हता. राउटर बंद पडला, त्यामुळे निरोप घराबाहेर गेला नाही. बसवायला आलेल्या आमच्या माणसाने दारं मोजली, पण राउटरला बॅकअप आहे का, हे विचारलं नाही. सेन्सरचा निरोप फोनपर्यंत पोचवणारा, बॅटरी आणि सिमकार्डवर चालणारा हब आम्ही पैसे न घेता बसवून देऊ.

भोंगा चोरासाठी लावतात तसा लावला गेला. डिमेन्शिया असलेल्या माणसाला तो आवाज कशाचा हे उमगत नाही, नुसती धडकी भरते. इशारा तुमच्या उशाशी वाजायला हवा, त्यांच्या कानाशी नाही. आता तुमच्या खोलीत हलकी घंटी ठेवू. त्यांच्या पलंगापासून बाथरूमपर्यंत हालचालीने लागणारे मंद दिवेही लावू, कारण रात्री उठलेला माणूस बरेचदा बाथरूमच शोधत असतो.

'दार आपोआप लॉक व्हायला हवं होतं' हे मात्र आम्ही करणार नाही. आग लागली तर ते आत अडकतील, आणि लॉक कसं उघडायचं हे त्या क्षणी त्यांना आठवेलच असं नाही. यापायी एक स्टार राहिला तरी चालेल.

आमच्या विक्री प्रतिनिधीने 'आता निर्धास्त राहा' असं म्हणायलाच नको होतं. सेन्सर दार उघडल्याचं सांगतो. उठून मागे जायला माणूसच लागतो.

जाता जाता, तुमच्या फोटोत गॅस डिटेक्टर छताजवळ दिसतो. तो आमचा नाही, तरी सांगतो. सिलिंडर वापरत असाल तर तो खाली, जमिनीजवळ हवा. एलपीजी हवेपेक्षा जड असतो. पाइपचा नैसर्गिक वायू हलका, त्याला वरची जागा बरोबर.

ड्रिलच्या आवाजाने वडील बिथरू नयेत, म्हणून ते फिरायला जातात ती वेळ कळवा. तेव्हाच येतो.