माझे खांदे आणि गावसकरची दाढ

"खांदे," रखवालदार म्हणाला. मी मागे वळून पाहिलं, कुणाचे म्हणतोय. माझेच. बिनबाह्यांच्या कुर्त्यातून बाहेर डोकावणारे, पन्नाशीतले, पोळपाटाइतके निरुपद्रवी.

त्रिनिदादची राजधानी पोर्ट ऑफ स्पेन, तिथलं एक कलादालन. नाव नाही सांगत. आत उघडे खांदे, हाफपँट, सपाता चालत नाहीत. असेल नियम, माझी तक्रार नाही. (आहे.) ज्या शहरात कार्निवलला बायका पिसं आणि मणी लेवून भर उन्हात सवानाच्या मैदानावर नाचतात, त्या शहराला माझ्याच दंडांचं एवढं वावडं? नवऱ्याने फुलपँट घातली होती. "तू थांब, पटकन बघून येतो," म्हणून तो आत गेला. सव्वीस वर्षांच्या संसारात हा माणूस एकही गोष्ट पटकन करून आलेला नाही.

सकाळही तशीच, बाहेर उभं राहून गेली होती. सवानाच्या पश्चिमेला मारावल रोडवर सात जुन्या वास्तू ओळीने उभ्या आहेत, 'मॅग्निफिसंट सेव्हन'. बऱ्याचशा १९०४ च्या आसपासच्या, कोकोचा पैसा खेळत होता तेव्हाच्या. त्यातला एक तर चक्क स्कॉटिश किल्ल्याच्या वळणाचा वाडा. त्या उकाड्यात तो विसर्जनाच्या मिरवणुकीत स्वेटर घालून आलेल्या पाहुण्यासारखा दिसतो. आम्ही सातही कुंपणाबाहेरून पाहिले. दुपारी तरी कशाच्या तरी आत जायचं, एवढंच माझं म्हणणं होतं.

बाहेरच्या बाकावर एक आजोबा डबल्स खात बसले होते. मऊ पुऱ्यांत कोंबलेले छोले, वर तिखट चटणी. शेजारी त्यांचं जाकीट. माझा डोळा जाकिटावर.

"बेटी, इंडियातून?"

"मुंबईहून."

इथेच चुकलं.

"मग तू गावसकरला ओळखतेस."

"नाही हो."

"एकाच गावचे ना तुम्ही?"

आमच्या मजल्यावर समोर कोण राहतं ते मला माहीत नाही. पण आजोबांनी ते मनावर घेतलं नाही. १८४५ ते १९१७ कलकत्त्याहून मजुरांची जहाजं इथल्या उसाच्या मळ्यांवर येत राहिली, त्यातल्या एकातून आपले पणजोबा आले, हे त्यांनी एका वाक्यात उरकलं. आणि नारळपाण्याची स्ट्रॉ बॅटसारखी धरली.

१९७१. क्वीन्स पार्क ओव्हल. एकवीस वर्षांचं पोर, पहिलीच कसोटी, ६५ आणि नाबाद ६७. भारताने वेस्ट इंडिजला हरवलं, पहिल्यांदाच. "मी रडलो," आजोबा म्हणाले, "कुठल्या बाजूने ते विचारू नकोस."

"आजोबा, ते जाकीट जरा पाच मिनिटं…"

"थांब. अजून दाढ यायची आहे."

दाढ शेवटच्या कसोटीत होती, त्याच मैदानावर. तिथे पोचायला अर्धा तास लागला, कारण वाटेत दिलीप सरदेसाई आले आणि मडगावच्या त्या माणसाच्या मालिकेतल्या ६४२ धावाही मोजून झाल्या. मग गावसकरची दाढ ठणकायला लागली. पहिल्या डावात १२४, दुसऱ्यात २२०, आणि सगळा वेळ आजोबा स्वतःचा गाल धरून. छोले सांडले. जाकिटावर.

तेवढ्यात नवरा आला.

"कझाबाँ होता का?" मी विचारलं. या बेटाचा १८१३ सालात जन्मलेला चित्रकार, पॅरिसला शिकलेला. दोन रात्री जागून वाचलं होतं त्याच्याबद्दल.

"कोण? मला नाही भेटला कुणी. डोंगर होते, झाडं होती. बरी होती चित्रं."

आजोबांनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं. "हाही मुंबईचा?"

"तुम्ही एकाहत्तरला मैदानात होतात?" नवरा बाकावर बसलासुद्धा. स्ट्रॉ पुन्हा वर गेली. पहिला डाव, पहिला चेंडू.

माझे खांदे एव्हाना उन्हाने लाल झाले होते. मागे किल्ल्या वाजल्या. रखवालदार दाराला कुलूप घालून सावकाश आमच्याकडे आला आणि बाकाच्या कडेला टेकला.

"दाढ झाली का?" त्याने मला हळूच विचारलं.