मुलांच्या पुस्तकाचंही नीट परीक्षण करा

नव्या मराठी पुस्तकांबद्दल जे काही लिहून येतं, ते बहुतेक मोठ्यांच्या पुस्तकांबद्दल. कादंबरीला अर्धं पान मिळतं. मुलांचं पुस्तक मात्र मे महिन्याच्या सुट्टीत किंवा 14 नोव्हेंबरच्या आसपास, चार-पाच पुस्तकांच्या गठ्ठ्यात दोन ओळींत उरकलं जातं. 'रंगीत चित्रे, सुबक छपाई, बालवाचकांना नक्की आवडेल.' मला याचा मनापासून राग येतो.

खरं तर परीक्षणाची सगळ्यात जास्त गरज याच पुस्तकाला असते. मोठा माणूस दुकानात उभ्या उभ्या दोन पानं चाळतो आणि स्वतःचं स्वतः ठरवतो. पाच वर्षांच्या मुलासाठी पुस्तक कोण घेतं? आई, आत्या, आजोबा. ते घेतात आपल्या पसंतीने, म्हणून शेवटी तात्पर्य असलेलं पुस्तक आधी उचललं जातं. अशा वेळी त्या मुलाच्या बाजूने बोलणारं कुणीतरी हवं ना!

बोलायला भरपूर आहे. चित्रपुस्तक आधी मोठ्याने वाचून पाहा. वाक्य जिभेवर अडतं का? पान उलटायच्या क्षणी 'आता काय होणार' असं वाटतं, की समोरच्याच पानावरच्या चित्रात गुपित आधीच फुटलेलं असतं? मजकुरात ससा घाबरलाय आणि चित्रात तो हसतोय, हे मुलाला पहिल्या वाचनातच दिसतं. परीक्षण लिहिणाऱ्यालाही दिसलं पाहिजे. मलपृष्ठावर 'नुकतंच वाचायला शिकलेल्यांसाठी' असं छापायचं आणि आत पहिल्याच परिच्छेदात 'उत्स्फूर्त', 'वैशिष्ट्यपूर्ण' असे शब्द घालायचे, हे चालणार नाही असं स्पष्ट लिहा. ओळी इतक्या दाटीवाटीने लावल्या आहेत की वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीत अडकतो, हेही लिहा. आणि चित्रकाराचं नाव! चित्रपुस्तकातली निम्मी गोष्ट तो किंवा ती सांगते, तरी कित्येक परीक्षणांत त्या नावाचा उल्लेखसुद्धा नसतो.

पुस्तकं येत नाहीत अशी काही स्थिती नाही. बालभारतीचं 'किशोर' 1971 पासून निघतंय. साहित्य अकादमी 2010 पासून बालसाहित्याला वेगळा पुरस्कार देते आहे. प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर' या संकेतस्थळावर 2015 पासून मराठीसकट अनेक भाषांतली चित्रपुस्तकं फुकट वाचता येतात. इतक्यातून आपल्या घरातल्या मुलाला कुठलं द्यायचं, हे सांगणारी माणसं कमी आहेत.

मोठ्यांच्या पुस्तकांना जागा जास्त मिळते, पण तिथेही सगळ्या प्रकारांना एकच माप लावलं जातं. रहस्यकथेचं 'सामाजिक भान' शोधत बसतात आणि ओघात खुनी कोण ते सांगून टाकतात! अनुवादित पुस्तकाबद्दल लिहिताना मूळ लेखकाचं चरित्र येतं, अनुवादकाच्या मराठीबद्दल अवाक्षर नाही. चारशे पानी चरित्राला शेवटी नावांची सूची आहे का, हे कुणी बघत नाही. असं पुस्तक संदर्भासाठी वापरणाऱ्याला ती किती लागते ते विचारा. पाककृतींच्या पुस्तकातले दोन पदार्थ तरी घरी करून बघावेत आणि मगच लिहावं.

अडचण मला कळते. आपलं वर्तुळ लहान आहे. लेखक ओळखीचा, प्रकाशक स्नेही, पुढच्या आठवड्यात प्रकाशन समारंभात भेट ठरलेली. म्हणून मला जयंत नारळीकरांची गोष्ट फार महत्त्वाची वाटते. 1974 मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेला त्यांनी आपली कथा 'नारायण विनायक जगताप' या नावाने पाठवली. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून ती पत्नीच्या हस्ताक्षरात लिहून घेतली होती. तिला पहिलं बक्षीस मिळालं, ते नुसत्या कथेच्या बळावर. एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञाला आपलं लेखन नावाशिवाय तोललं जावं असं वाटलं, तर आपल्या लेखकांनाही ते पेलेल. त्यांच्यावर एवढा विश्वास आपण ठेवायला हवा.

म्हणून एक विनंती. गेल्या काही महिन्यांत घरातल्या, शेजारच्या, वर्गातल्या मुलाला एखादं नवं मराठी पुस्तक वाचून दाखवलं असेल, तर त्याबद्दल खाली कमेंटमध्ये लिहा. लेखक, चित्रकार, प्रकाशक, किंमत आणि मुलाचं वय नक्की द्या. कुठलं पान पुन्हा वाचायला लावलं ते लिहा, आणि कुठल्या पानावर मूल उठून खेळायला गेलं तेही.